‘पेन्थिया’ची तपासणी

प्लिमथ डॉक,
३ मार्च १८०६

चि. जेबेझ यास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. तुमच्या ‘पेन्थिया’ने फ्रेंच जहाज जिंकलं म्हणून अभिनंदन. ते आधीच दोन दिवस खडकावर अडकून पडलं होतं, हे तू दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंस. कॅप्टन व्हॅव्हसोर मात्र गावभर सांगतात की लढाई घनघोर झाली. कोणाशी, खडकाशी?

तुझे भाऊजी म्हणतात, आठ वर्षांपूर्वी इथल्या गोदीत ‘पेन्थिया’ बांधताना आम्ही घाईघाईत ओकचं ओलं लाकूड ठोकलं, अजून पालवी कशी फुटली नाही? कॅप्टन बदलतात, खलाशी बदलतात. तुझ्यासारखा सुतार मात्र जहाजाबरोबरच म्हातारा होतो. म्हणून विचारते. तिची तब्येत कशी आहे? खरं सांग.

तुझी कडक ताई,
हेस्टर

स्पिटहेड,
१९ सप्टेंबर १८०७

ती. हेस्टरताईस,

सा. न. वि. वि. पालवी नाही, अळंबी फुटली आहेत. तळाशी, बिस्किटांच्या कोठीमागे, ताटाएवढी. आचाऱ्याने विचारलं, सूपमध्ये चालतील का. कॅप्टनसाहेबांनी वरून पिवळाधमक रंग लावून घेतला आहे. लांबून नवरीसारखी दिसते.

काळजी करू नकोस. तपासणीला साहेब लोक येतात, पण खाली मिट्ट काळोख असतो. सुताराचा कंदील थांबेल तिथेच ते गिरमिट लावून लाकूड कुजलंय का बघतात. मी नव्या बसवलेल्या तीन फळ्या आहेत, तिथे थांबतो. मग सगळे वर जाऊन कॅप्टनसाहेबांची मदिरा पितात. कॅप्टनसाहेब याला निष्ठा म्हणतात. ताई, मी तिच्यावर नऊ वर्षं राहिलोय. माझ्या तोंडाने तिला मोडीत कशी काढू?

भाऊजींना नमस्कार. रागावू नये, ही विनंती.

तुझा जेबेझ

प्लिमथ डॉक,
६ नोव्हेंबर १८०८

चि. जेबेझ यास,

आशीर्वाद आहेत, पण आज थोडेच. ‘पेन्थिया’ इथे बंदरात येऊन आठवडा झाला आणि तुला घरी यायला तोंड नाही, हे मला कळतं. व्यापारी जहाजांच्या राखणीला ऐन थंडीत अटलांटिक ओलांडून हॅलिफॅक्सला जाणार म्हणे. भाऊजींनी परवा होडीतून तिचा मागचा भाग पाहिला. ते जेवले नाहीत. तुला माहीत आहे, ते पुडिंग कधी सोडत नाहीत.

मंगळवारी तपासणी आहे. कंदील तुझ्या हातात आहे. निष्ठा लाकडाशी असते की त्यावर झोपणाऱ्या पाचशे माणसांशी, हे ठरव. कॅप्टन तुझ्यावर हलगर्जीपणाचा ठपका ठेवतील, जागा जाईल. जाऊ दे. पाण्यात बुडलेल्या सुताराला कोणती जागा मिळते?

कोठीमागे ने त्यांना. चिडलेली, तरी तुझीच,

हेस्टर

‘पेन्थिया’वरून,
९ नोव्हेंबर १८०८

ती. ताईस,

सा. न. नेलं. सवयीने पाय त्या तीन फळ्यांपाशी थांबले होते. साहेबांनी गिरमिट टेकवलंसुद्धा. मी म्हटलं, इथे नको, पुढे या. कॅप्टनसाहेब मागून म्हणाले की सुताराची तब्येत आज बरी नाही. कोठीमागे गिरमिट फिरवावंच लागलं नाही. लोण्यात गेल्यासारखं मुठीपर्यंत गेलं. साहेबांनी ते बाहेर काढून पुसलं.

ती आता समुद्रावर जाणार नाही. डोलकाठ्या उतरवून तिचा फ्रेंच कैद्यांसाठी तुरुंग करणार. ठपका मात्र बसला नाही. अहवालात लिहिलंय की कॅप्टन व्हॅव्हसोर यांच्या दक्षतेमुळे दोष वेळीच उघड झाला. त्यांना नवं जहाज मिळालं. मला तुरुंग मिळाला. सुतार जहाजाबरोबरच राहतो ना.

जीव वाचलेल्यांनी निदान हात हातात घेतला असता, असं वाटतं. तसं काही झालं नाही.

जेबेझ

प्लिमथ डॉक,
१४ नोव्हेंबर १८०८

चि. जेबेझ यास,

भरभरून आशीर्वाद. कोणी हात का हातात घेतला नाही, ते आज धक्क्यावर कळलं. तुझ्या पाचशे जणांना नव्या जहाजावर हलवत होते. त्यांना वाटलं होतं, जहाज मोडीत निघालं म्हणजे घरी सोडतील. जमिनीला पाय लावू दिला नाही. होडीहोडीतून तुझं नाव घेऊन शिव्या देत होते. काही मी पहिल्यांदाच ऐकल्या.

भाऊजी म्हणाले, चल घरी, हे बायकांनी ऐकण्यासारखं नाही. मी हलले नाही. आवाज कसे खणखणीत होते, जेबेझ! शेवटची होडी दिसेनाशी होईपर्यंत मी उभी राहून ऐकत होते.

ताई