नवसाचं तीर्थ

माय, उद्या माझी छाती पुन्हा उघडणार आहेत आणि मला भीती वाटते. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला तूच आठवलीस. नातवंडांपुढे मी शूर असते. डॉक्टर आज म्हणाले, छातीचं हाड मिटवताना कडांना अँटिबायोटिकचा लेप लावू, म्हणजे आत पू धरणार नाही. ते मोठ्या कौतुकाने सांगत होते. मला मात्र तापीकाठच्या प्रकाशा गावातली आपली ओसरी दिसत होती.

साठ सालानंतरचे ते दिवस. मी मुंबईला हृदयाची झडप दुरुस्त करून आलेली पोर, गळ्याखालून पोटापर्यंत टाके, खालचं टोक अजून ओलं. तिथल्या डॉक्टरांनी जखमेवर शिंपडायची औषधी भुकटी दिली होती आणि तुला बजावलं होतं, उकळलेल्या पाण्याने हात धुवून हीच टाकायची, दुसरं काही लागू द्यायचं नाही. पू हाडापर्यंत गेला तर पोर हाती लागणार नाही. तेव्हापासून तुझे हात कापायला लागले. भुकटी जखमेपेक्षा माझ्या परकरावरच जास्त सांडायची. "हालू नको वं," तू म्हणायचीस, आणि हलत तर तूच असायचीस.

मग आजी घाटावरून तांब्या घेऊन आली. मी जिवंत परतले तर माझ्या छातीवर तापीचं तीर्थ घालीन, असा नवस ती महादेवाला बोलली होती. सगळी भावकी ओसरीवर जमलेली.

"महादेवले बोलेल शे. पोरना छातीवर तीर्थ पडालेच जोयजे," आजी म्हणाली.

तिच्यापुढे तू कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हतास. आता माझ्या खाटेपुढे आडवी उभी आहेस. देवाचीही भीती, पुवाचीही. इकडे आड तिकडे विहीर.

"आत्याबाई, जखम वल्ली शे आजून. तिना नवस मन्हा आंगवर फेडा."

"देवनं देनं आंगवर ली ऱ्हायनी तू." देवाचं देणं अंगावर घेतेस, असं आजीने बजावलं.

"लेवू द्या," म्हणालीस, आणि तांब्या घेऊन स्वतःच्या छातीवर उपडा केलास. चोळी भिजली, दातावर दात वाजत होते. उन्हाळा होता तरी.

माझी जखम सुकली. तू मात्र काही वर्षांनी कापूस वेचता वेचता छाती धरून खाली बसलीस, ती उठलीच नाहीस. आजीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. पुढे मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. तांब्याभर पाण्याने कुणाचं हृदय बंद पडत नाही, हे मला कळतं. कळतं, पण वळत नाही.

आज माझी लेक प्रकाशाहून तापीच्या पाण्याची बाटली घेऊन आली. म्हणाली, "आई, तुझ्या जखमेला नाही लावणार. आजीनं तुझ्यासाठी घेतलं, तसं माझ्याच अंगावर घेते." मी हसले आणि बघायला म्हणून बाटली मागून घेतली. ती माझ्या उशाखाली आहे. डॉक्टरांच्या लेपावर माझा पूर्ण विश्वास आहे, माय. पण त्या बाटलीचं झाकण मी तिला उघडू दिलं नाही.