तुझ्या पानावरचा बोंबील

आई, ‘तिला कळतं गं बाय, तरी पान्हा सोडते,’ असं तू एकदा म्हणाली होतीस. आपल्या म्हशीचं रेडकू आठवड्याच्या आत गेलं होतं. बाबांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गोठ्यात तिच्यापुढे उभं केलं होतं. ती ते चाटत होती आणि तू खाली बसून धार काढत होतीस. मी आठ-नऊ वर्षांची असेन. ‘तिला कळत नाही का, हे खोटं आहे?’ असं मी विचारलं, तेव्हा चरवीवरून मान वर न करता तू ते म्हणालीस. मग उठलीस आणि दुधाची चरवी हातात तशीच धरून तिच्या कपाळाला कपाळ लावून थोडा वेळ उभी राहिलीस. गोखिवऱ्यातला तो गोठा कधीच गेला. तिथे आता पत्र्याचे गाळे आहेत, आत दिवसभर यंत्रं चालतात.

मी दूध सोडलं, दही-तूप सोडलं, अंडी आणि मासळीही. व्हीगन म्हणतात याला. का सोडलं असं कुणी विचारलं की कोलेस्टेरॉल म्हणते. लोकांना तेवढं पुरतं. गोठ्यातलं ते दृश्य मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की त्यात तू वाईट दिसतेस, आणि तू वाईट नव्हतीस. तू त्या रात्री चहा कोरा प्यायलीस, हे मी पाहिलं होतं.

बाबांनी माझं सगळं सोसलं. कोऱ्या चहाला नावं ठेवली, पण प्यायले. अडले ते फक्त तुझ्या पानापाशी. भाद्रपदात अविधवा नवमीला आपल्यात नवऱ्याआधी गेलेल्या बाईला तिच्या आवडीचं वाढतात, आणि तुझ्या पानावर तांदळाच्या पिठात घोळवून तळलेला बोंबील नाही, असं कधी झालं नाही. तू गेल्यापासून तो मीच तळत आले. यंदा नाही तळणार म्हटलं, तर बाबा म्हणाले, ‘तू खाऊ नकोस, तुझी जीभ. तिच्या पानावर तुझी जीभ कशाला? मी तिचं पान तिच्या भावाकडे घालीन.’ वर्षात तो एकच दिवस उरलाय, जेव्हा मला तुझ्यासाठी काही करता येतं. तोही मामाच्या घरी जाणार, या विचाराने मी कितीतरी दिवस धड जेवले नाही.

मे महिन्यात बाबांना घेऊन चार दिवस राजोडीला गेले. आपल्याच मुलखात पाहुणी म्हणून, भाड्याच्या खोलीत. घरमालकीण मावशी ख्रिस्ती, साठीची, सतत गाऊनला हात पुसणारी. फोनवर सांगितलं होतंच, तरी पानावर बसताना मी पुन्हा म्हटलं, मासळी नको, अंडं नको, दूध-तूपही नको.

‘डॉक्टरनी सांगितलंय?’

‘नाही, मीच.’

‘मंग नवस हाय?’

‘नवस नाही हो,’ बाबा म्हणाले. ‘हिला माडाखाली बांधा, चरेल.’

मावशी इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग तिने माझ्यासाठी वेगळी केलेली वालाची भाजी वाढली. त्यात सुकट होती, वाळवलेली बारीक कोळंबी. मी सांगितलं, तर तिला खरंच कळेना.

‘चिमूटभर हाय. त्याबिगर वालाला वास कसा येनार?’

‘पण मासळी नको म्हटलं होतं ना, मावशी.’

‘मासळी कुठं घातली? मासळी ती तुझ्या बाबांच्या ताटात.’

बाबांना ठसका लागला. मला आत्याची ती शाकाहारी जाऊ आठवली. तू तिला सुकटीतली गवार वाढली होतीस, अगदी भाबडेपणाने, आणि तिने ती पुन्हा मागून घेतली. चूक लक्षात आल्यावर तुम्ही सगळ्या मागच्या दारी जाऊन तोंडात पदर कोंबून हसत होता. सुकट म्हणजे मीठ-मसाल्यातली वस्तू, ती मासळीत कोण धरतो?

त्या संध्याकाळी मी बाहेर शोधून पाहिलं. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात सॅलड होतं, म्हणजे काकडी, आणि तिच्यावर अंड्याचं मायोनेज. परत आले तर मावशी दारातच उभी. ‘नारळाचा रस चालतो?’ चालतो म्हटलं. ‘मंग एवढं तोंड पाडून कशाला फिरतीस?’ दुसऱ्या दिवशी केळफूल, तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसात शिजवलेली तांदळाची खीर, गुळाची. बाबांनी वाटीभर खाल्ली आणि वाटी पुन्हा पुढे केली. बाबा नावं न ठेवता पुन्हा मागतात म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

जेवताना तुझा आणि तुझ्या पानाचा विषय निघाला. मावशी म्हणाली, ‘आमच्यात मेलेल्यांना मेनबत्ती लावतात. बरं हाय, मेनबत्तीला मीठ कमी पडत नाय.’ बाबा हसले नाहीत.

सकाळी उठून मागच्या अंगणात आले, तर बाबा पाटावर बसलेले, हातात सुरी, पुढ्यात टोपलीभर बोंबील. तू असताना त्यांनी कधी स्वतःचं ताट उचललं नाही, आई. मावशी शेजारी उभी राहून ओरडत होती, ‘अवो, पिळू नका! पोरगं आंघोळ घालून पुसतात तसं हळू. आता पाट्याखाली दाबून ठेवा, पानी निघंल.’ पहिला बोंबील तव्याला चिकटला, दुसरा उलटताना मोडला. तिसरा बरा निघाला. तो त्यांनी बशीत ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तिचं पान आपल्याच घरी होईल. हे मी करीन. तू तुझी खीर कर.’ मी फक्त तेल कमी करा म्हटलं.

तर भाद्रपदात ये. पानावर दोघांचं असेल.

एक सांगायचं राहिलं, आणि हे पत्र कुठे टाकायचं नसल्यामुळेच लिहिते आहे. त्या वालाच्या पहिल्या घासालाच मला सुकट कळली होती. तुझ्या हातची होती तशीच. मी आणखी दोन घास खाल्ले, मग मावशीला सांगितलं. बाबांना वाटतं, मी लगेच बोलले.

आणि एक मागणं आहे. त्या दिवशी आधी माझी खीर खा, मग त्यांचा बोंबील. तू नाही ऐकणार. गरम बोंबील पुढे असताना तू कधी कुणासाठी थांबली नाहीस. तरी मागते.