काठावरचा ढीग

रविवार, ३ फेब्रुवारी २०१९
आज नदीमित्र गटाची मानवी साखळी. पुलावर उभे राहिलो. गटप्रमुख हेमाताईंनी हातात फलक दिला. शेजारचे गृहस्थ माझा हात धरून जावयाच्या व्हिसाबद्दल फोनवर बोलत होते. साखळी तुटली की हेमाताई ओरडायच्या, कारण वर ड्रोन होता. खाली नदी दिसतच नव्हती. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी. एक बगळा तिच्यावरून आरामात चालत होता. नंतर वडे. कागदी प्लेटा पुलावरच राहिल्या.
निश्चय : यापुढे नुसतं उभं राहायचं नाही. हातांनी काम करायचं.

सोमवार, ४ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं. उल्का म्हणाली, आधी बाल्कनीतली जळमटं काढा. तिला दृष्टीच नाही.
हॉलमध्ये तिचा संस्कृतचा क्लास असतो, म्हणून रिटायर झाल्यापासून मी स्वयंपाकघरात बसतो. तिथे फरशी पुसणाऱ्या कुसुमताई म्हणतात, "काका, पाय वर घ्या." माणसाने पाय वर घेऊन किती वर्षं काढायची?

गुरुवार, ७ फेब्रुवारी
गमबूट आणि दाताळं घेतलं. सदाशिव पेठेतून स्कूटरवर येरवड्याकडच्या नदीकाठी. गुडघाभर पाण्यात उतरलो. जलपर्णी ओढली की खालून काळी, केसांसारखी मुळं येतात. वास भयंकर. पण जिथून काढली तिथे पाणी दिसलं! काळंच, पण त्यात आभाळ होतं. आयुष्यभर फायली पुढे सरकवल्या, एकीच्याही खाली असं काही निघालं नाही.
या स्पीडने गुढीपाडव्यापर्यंत बंधारा गाठणार. नक्की.
रात्री गोळी न घेता झोप.

बुधवार, १३ फेब्रुवारी
काल मोकळं केलेलं सगळं आज पुन्हा भरलं. वरून नवी जलपर्णी वाहत आली. वाऱ्याचा दोष, पद्धतीचा नाही.
काठाला आप्पासाहेबांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. ते काठच्या भिंतीवर बसून, ब्रश तोंडात घालून बघत होते. म्हणाले, "सायेब, पावसाळ्यात जातंय की आपोआप वाहून." मी त्यांना नागरिकांचं कर्तव्य समजावलं. ते म्हणाले, "बरं हाय. चालू द्या."
ग्रुपवर मेसेज टाकला : दाताळी घेऊन या. अंगठेच अंगठे. एकाने पार्किंगचं विचारलं. आलं कुणीच नाही.

शनिवार, २३ फेब्रुवारी
आडवा बांबू बांधला. आता मोकळा तुकडा मोकळाच राहतो. काठावरचा ढीग माझ्यापेक्षा उंच झालाय. त्याच्याकडे बघत चहा प्यायलो. इतका आनंद प्रमोशनलाही झाला नव्हता.
उल्काने तळहातांना तेल लावलं. म्हणाली, हल्ली चिडचिड कमी झालीय तुमची.
ढीग न्यायला टेम्पो बघते असं हेमाताई म्हणाल्यात.

शुक्रवार, १ मार्च
टेम्पो नाही. ढीग कुजला. डासांचे थवे. आप्पासाहेब आज भिंतीवरून खाली उतरले. "माझ्या भाडेकऱ्याची पोरगी तापानं फणफणलीया. पाण्यात व्हतं तेच बरं व्हतं! उचला, न्हायतर मी बघतो." एकट्याने उचलायला गेलो. टोपलंभर नेलं, पण कुठे टाकायचं ते कळेना. परत ढिगावरच टाकलं. मग तिथेच खाली बसलो. बराच वेळ उठता आलं नाही. पाठीमुळे.
हेमाताईंना फोन केला. जवळजवळ रडलोच. त्या म्हणाल्या, पुढच्या रविवारी अख्खा गट येतोय. मला माहीत होतं! लोकांना फक्त उदाहरण हवं असतं.

रविवार, १० मार्च
गट आला. पिवळे टी-शर्ट, बॅनर, फोटोग्राफर. टेम्पो नाही.
हेमाताईंना माझा तुकडा फार आवडला. "काका, इथे चक्क पाणी दिसतंय!" फक्त मागचा ढीग फोटोत वाईट दिसत होता. बाजूला सारू म्हणाल्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खोल्या. कुणीतरी एक गठ्ठा पायाने पाण्यात लोटला. मग सगळेच लोटायला लागले. हसत, घामाघूम होत. ही माणसं एकदिलाने काम करताना मी प्रथमच पाहिली. मी "अहो, अहो" म्हणत होतो.
"टेम्पो आला की परत काढू. आता तुम्ही मधोमध या."
बॅनरसमोर एक गठ्ठा उरला होता. कुणी घसरून पडेल म्हणून तो मी दाताळ्याने ढकलला. मग मधोमध उभा राहिलो.

सोमवार, ११ मार्च
पेपरात फोटो. माझा चेहरा बरा आलाय. उल्काने चष्मा लावून बारकाईने पाहिला. विचारलं, "एवढा ढीग होता म्हणत होतात, तो कुठाय?"
म्हटलं, टेम्पोने नेला. सगळं सांगत बसायचं तर तिच्या क्लासची वेळ झाली होती.
"मग उद्या मला दाखवा," म्हणाली. "इतके दिवस राबलात. एकदा बघायला हवं." रात्री तिने बाहेर जायची साडीसुद्धा काढून ठेवली.

मंगळवार, १२ मार्च
पहाटेच एकटा जाऊन थोडं तरी काढायचं ठरवलं होतं. गोळी घेतली होती, जाग आली नाही.
गेलो दोघं, स्कूटरवर. बांबू मोडलेला. भिंतीपासून पलीकडच्या काठापर्यंत हिरवंगार. मोकळा तुकडा कुठे होता ते मलाच दाखवता येईना. इकडे, तिकडे असं बोट फिरवत राहिलो.
उल्का बोटाच्या दिशेने बघत होती. मग म्हणाली, "टेम्पो मोठा होता का?"
म्हटलं, "मोठा होता."
"हं."
परत येताना ती मागे बसली होती, पण तिचा हात माझ्या खांद्यावर नव्हता. स्पीडब्रेकरलाही नाही.