मागच्या रांगेतला हात

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती होत नाही. आई तिकडे विट्याला दवाखान्यात ऑक्सिजनवर आहे. मी इथे हॉलंडात, न्यूनेन गावच्या घरात, माळ्यावर, फोन पालथा ठेवून. पालथा ठेवला की वाजणार नाही, असं थोडंच आहे! वर्गात कुणाला तरी कोरोना झाला म्हणून लेक घरीच आहे, खाली लॅपटॉपसमोर बसून डचमध्ये पाढे म्हणते आहे.

माझं काम तुम्हाला कधी बघायला मिळालं नाही. फोनच्या पोटात बसतात ते नखाएवढे स्पीकर कसे वाजले पाहिजेत, हे मी ठरवते. स्पीकरच्या इतक्याशा थरथरत्या पडद्यातून माणसाच्या आवाजातला खर्ज निघतच नाही. पण कान मोठा लबाड! वरचे सूर ऐकून खालचा खर्ज तो मनानेच भरून घेतो आणि आपल्याला वाटतं, अख्खा माणूस बोलतोय. आमचं सगळं त्या लबाडीवर चालतं. तुम्ही पोट धरून हसला असता, तुमचे कर्णे निदान जे ओरडायचे ते खरं ओरडायचे.

लग्नाच्या मांडवात कर्णे बांधून झाले की तुम्ही गाणं लावायचा नाहीत. "गाण्यावर कर्णा कळत नाही, माणसाच्या आवाजावर कळतो," म्हणायचात. मग आई पदर सावरत माईकपुढे उभी राहायची आणि एका दमात आकडे म्हणायची. वीसपर्यंत सहज जायची, पंचविसाला लालबुंद व्हायची. मला तुम्ही पार मागे, आचाऱ्यांच्या चुलीपाशी उभं करायचात. आकडा न् आकडा कळला की हात वर करायचा, मग तुम्ही कर्ण्याची दोरी पक्की करणार. एकदा कढईत जिलब्या पडत होत्या, माझं लक्ष कुठलं आईकडे! केला हात वर. त्या लग्नात मागच्या म्हाताऱ्यांना मंगलाष्टकांतलं एक अक्षर कळलं नाही. तुम्ही मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "पोरी, तुझ्या हातावर विसंबून मी गाठ मारतो. न ऐकता हात वर करायचा नाही." त्या दिवशी मी जिलबीला हात लावला नाही.

आता विमानं बंद. आई आजारी पडली तेव्हा तिच्या शेजारच्या काकू मला रोज फोनवर विचारायच्या, "मला ती दारातूनच परतवून लावते गं. तू बोलतेस ना तिच्याशी? कशी वाटते? नेऊ का दवाखान्यात?" म्हणजे सगळं माझ्या शब्दावर. आम्ही जेवताना आईला व्हिडिओ कॉल लावायचो. ती म्हणायची, "काही नाही गं, घसा बसलाय नुसता. तू जेवलीस का?" तिसऱ्या दिवशी लेकीने चमचा खाली ठेवला. "ममा, आजी कीप्स स्टॉपिंग." मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र असं इंग्रजीत. मी खेकसले, "काहीतरीच! तिकडचं नेट स्लो आहे." आणि काकूंना कळवलं, आवाज खणखणीत आहे, उगाच त्या गर्दीत नेऊ नका. चार दिवसांनी काकू दार ढकलून आत शिरल्या, तेव्हा आई पलंगाच्या कडेला बसून धापा टाकत होती.

नवरा समजावतो. "तुझी काय चूक? कॉलमध्ये आवाज गाळून येतो. श्वास, खोकला, सगळं गोंगाट म्हणून कापलं जातं. वर तो चिमुकला स्पीकर, आणि उरलेलं कान भरतो." माझंच शिकवलेलं मलाच ऐकवतो बिचारा. खोटं नाही ते. शास्त्र माझ्या बाजूने आहे, अण्णा.

पण त्याच तिसऱ्या दिवशी आईने एक व्हॉइस मेसेजही पाठवला होता. लिंबाच्या गोड लोणच्याची कृती, नातीसाठी. तो असा गाळून येत नाही. माळ्यावर माझे कामाचे दोन मोठे स्पीकर आहेत, ते कुणाचं काही झाकत नाहीत. आज दुपारी नवऱ्याला बोलावून मी तो त्यांवर लावला. "लिंबं पुसून घ्यायची." श्वास. "आठ फोडी करायच्या." श्वास. एका दमात वीस म्हणणारी बाई तीन शब्दांवर थांबते. मी म्हटलं, "बघ, हे आज कळतंय."

फोन अजून वाजलेला नाही. तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं, कारण 'आज कळतंय' हे मी नवऱ्याशी खोटं बोलले. मेसेज आला त्याच दुपारी मी तो इथेच, याच स्पीकरवर ऐकला होता. दोनदा. मला भीती वाटली, अण्णा. दवाखान्यात गेलेलं माणूस परत येत नाही, असं रोज कानावर येत होतं. मग खाली जाऊन मी काकूंना फोन लावला, आवाज खणखणीत आहे म्हणून. त्या लग्नात मी न ऐकता हात वर केला होता. या वेळी ऐकून केला.