पास वाया जाईल म्हणून

परीक्षा सोमवारी होती आणि तुम्ही मला शनिवारी गाडीत बसवलंत. सातवीची, बोर्डाची परीक्षा. हॉल तिकीट आणून देवापुढं ठेवलेलं होतं. तुम्ही म्हणालात, पास वाया जाईल. साठ वर्षं मी ते खरं धरून चालले. परवा कळलं की त्या पासाची अडीच महिने मुदत शिल्लक होती. अण्णा, तुम्ही असता तर आधी वाकून नमस्कार केला असता आणि मग विचारलं असतं. आता तुम्ही नाहीच, तर नमस्काराचं मागून बघू.

कसं कळलं ते सांगते. माझी नात, म्हणजे तुमची पणती, इथं हिमायतनगरच्या घरी संध्याकाळी पोरांना इंग्रजी शिकवते. तिचं स्वतःचं मराठी असं की दुकानाची पाटी वाचायला निम्मा दिवस लागतो, पण इंग्रजी फाडफाड. परवा मी मटार सोलत बसले होते आणि ती फळ्यावर एकच शब्द लिहून पोरांना विचारत होती, सांगा, हा कुठंकुठं लागतो. पास. पोरं एकेक सांगायला लागली. परीक्षेत पास. बसचा पास. चेंडू पास. ऑफिसात फाइल पास. जेवताना डाळीची वाटी इकडं पास करा. एकानं सांगितलं, त्याच्या नानाचा मूतखडा पास झाला, त्यावर सगळे हसले. नात म्हणाली, माणूस गेला तरी इंग्रजीत हाच शब्द. मी ऐकत होते. एका शब्दाला इतकी कामं लावलेली बघून मला तर घरातली थोरली सून आठवली. पोरं गेल्यावर मी तिला म्हटलं, सगळं लिहिलंस, रेल्वेचा पास राहिला. ती म्हणाली, "वो क्या होता आजी?" रेल्वेच्या कारकुनाची पणती, आणि पास म्हणजे काय विचारते.

मग मी सांगत बसले. काचीगुड्याच्या आपल्या घरात पासाला केवढा मान होता. वर्षाचे ठरलेले पास, घरच्या सगळ्यांना फुकट प्रवास, आणि मुदत संपली की गेला. अन्न टाकलं तर तुम्ही एकवेळ गप्प बसायचात, पास वाया गेलेला तुम्हाला सोसायचा नाही. एकदा मुदत संपत आली म्हणून आपण मनमाडला गेलो. तिथं कुणी ओळखीचं नाही, काही काम नाही. फलाटावर बसून भजी खाल्ली, आई म्हणाली आता काय करायचं, तुम्ही म्हणालात आता परत जायचं. आणि आलो परत. अशा घरातली पोर मी. पास वाया जाईल म्हटल्यावर मी परीक्षेचं पुस्तक मिटलं नसतं तर नवल. परीक्षा काय, पुढच्या वर्षी देता येईल, असं म्हणालात. मी वर तोंड करून एक शब्द बोलले नाही.

नातीला ऐकून मजा वाटली. माझा भाचा, म्हणजे माझ्या लग्नानंतर झालेल्या भावाचा मुलगा, गेल्या महिन्यात तुमची कागदांची जुनी फाइल देऊन गेलाय, काचीगुड्याचं घर रिकामं करताना निघाली म्हणून. ती तिनं कपाटातून काढली. तुम्ही प्रत्येक कागदाची नक्कल ठेवायचात. ती उलगडत गेली, वाचत गेली, हा मनमाडचा, हा तिरुपतीचा. मग परभणीचा निघाला, त्या शनिवारचा. मी म्हटलं, हा नीट वाच. तिनं मुदत वाचली. मग तुमचा अर्ज वाचला, आणि वाचतावाचता थांबली. म्हणाली, "आजी, इसमें जाते वक्त तीन जने लिखे हैं, और आते वक्त दो."

मी कागद हातात घेतला. इंग्रजी मला येत नाही, आकडे येतात. तीन आणि दोन. तुमचंच अक्षर, खाली तुमचीच सही, आणि निघायच्या आधी पंधरा दिवसांची तारीख.

आता मला परभणीचं ते मावशीचं घर दिसतंय. आपण पोचतो, दुसऱ्या दिवशी कुणीतरी मला बघायला येतात, तिसऱ्या दिवशी हळद. चौदावं सरलं नव्हतं माझं. तुम्ही मला ओसरीवर जवळ घेता आणि डोळे पुसून म्हणता, मी काय करू बेटा, तुझ्या आईनं आणि मावशीनं ठरवून टाकलं. मी ते धरलं. आईवर धरलं. तीस वर्षं तिच्याशी सरळ बोलले नाही. माझ्या बाळंतपणाला आली तरी तिच्या हातचा डिंकाचा लाडू मी नुसता ताटात ठेवला.

आणि डोळ्यांपुढं होतं ते बघितलं नाही. आईजवळ त्या लग्नात नेसायला लुगडं नव्हतं. गावाला जाताना चार दिवसांचं पीठमीठ मोजून घेणारी बाई, पोटच्या पोरीच्या लग्नात बहिणीचं लुगडं मागून नेसली. माझ्या ट्रंकेत तिनं इतिहासाचं पुस्तक घातलं होतं, गाडीत वाच म्हणून. तुमच्या पिशवीतून मात्र नवं कोरं धोतर निघालं. मला वाटलं, अण्णा टापटिपीचे.

एकदा मी तिला तोंडावर म्हटलं होतं, तू माझी परीक्षा बुडवलीस. इथंच, माझ्या स्वयंपाकघरात, तुम्ही दोघं राहायला आला होतात तेव्हा, ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. एवढंच म्हणाली, "मला नको विचारूस. त्यांना विचार." मला वाटलं, अंग काढून घेतेय. तुम्ही तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतात. दार उघडं होतं. पान उलटल्याचा आवाज मी ऐकला.

लग्न वाईट झालं असं मी म्हणत नाही. नवरा भला होता, त्यानं मला परत याच गावात आणलं. सातवी पास होऊन मी कुठं मोठी अफसर होणार होते, तेही नाही. गणितात मी कच्चीच होते. पण नापास झाले असते तर माझी मी झाले असते. तुम्ही मला बसूच दिलं नाहीत, आणि वर आई माझ्यापासून तोडलीत. ती गेली तेव्हा मी रडलेही नाही, हे तुम्ही उभ्यानं बघितलंत आणि तेव्हाही तोंड उघडलं नाहीत.

नात म्हणते, लिहून टाक, मन मोकळं होईल. झालं नाही. हा कागद मी तुमच्याच फाइलीत, परभणीच्या अर्जाला टाचून ठेवते. एक गोष्ट मात्र कबूल करते. त्यांना विचार, असं आईनं सांगूनही मी तुम्हाला विचारलं नाही, कारण दोघांत मला तुम्ही जास्त आवडत होतात आणि तसंच राहायला हवं होतं.

आता विचारलंय. उत्तर तुम्ही स्वतः द्यायचं. आईला पुढं करायचं नाही.