पहिलं अक्षर

प्रिय पोपट,

तुला ती सकाळ आठवते का रे? मी तुझा सदरा इस्त्री करत होते आणि तू टेबलावर पाय हलवत बसून पाव-लोणी खात होतास. तुझी पहिली भूमिका, वकिलाची, जेमतेम दोन पानांची. एकवीस वर्षांचा घोडा, आणि दोन पानं काही डोक्यात शिरेनात. कागद समोर धरला की तुझे डोळे ओळीवरून घसरत घसरत चहाच्या कपाकडे जायचे. शेवटी मीच वैतागून, इस्त्री फिरवता फिरवता, तुझं भाषण मोठ्यांदा वाचायला लागले. तिसऱ्यांदा वाचून झालं आणि तू तोंडातला घास गिळून ते जसंच्या तसं म्हणून दाखवलंस. मी जिथे खोकले होते तिथे खोकलाससुद्धा! त्या आनंदात मी कॉलर जाळली. तुझ्या दादानं आतून विचारलं, काय जळतंय? मी म्हटलं, काही नाही, घरात पोपट पाळलाय. तेव्हा ‘पोपट होणं’ म्हणजे फजिती होणं हा अर्थ अजून कुणाच्या तोंडी आला नव्हता. नाव मात्र तुला चिकटलं ते चिकटलंच.

आज तालमीला आले नाही, घसा बसलाय असा निरोप पाठवला. माझा घसा उत्तम आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे, दुपारचं ऊन कागदावर आलंय, आणि तुला सांगायचं इतकं साचलंय की कुठून सुरू करावं कळत नाही. म्हणून पहिल्यापासूनच करते.

कॉन्व्हेंटात शिकलेली सून म्हणजे हिला मराठी येणार नाही, असं सासूबाईंनी माझं तोंड बघायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. फारसं चुकलंही नव्हतं त्यांचं. ‘केळं’ म्हणताना माझी जीभ ‘केलं’वर जायची, आणि दादा मुद्दाम विचारायचा, काय केलं? पण एक विद्या मला सिस्टरांच्या शाळेनं पक्की दिली होती. प्रार्थनेच्या वेळी ओठ न हलवता असं बोलायचं की तिसऱ्या रांगेतल्या मैत्रिणीला शब्द न् शब्द कळावा आणि पाचव्या रांगेत उभ्या असलेल्या सिस्टरांना काही म्हणजे काही ऐकू जाऊ नये. त्या विद्येवर मी चाळीस वर्षं विंगेत बसले. मराठीही तिथेच शिकले, तुमच्या संहिता वाचून वाचून.

प्रॉम्प्टर अख्खं वाक्य कधी देत नाही. दिलं, तर नट गडबडतो आणि पहिल्या रांगेला कळतं. द्यायचं ते पहिलं अक्षर. मी ‘मा’ म्हटलं की तू ‘माझ्या घराची दारं मीच लावली’ म्हणून सुटायचास, आणि लोक टाळ्या वाजवायचे. तेवीस नाटकं केलीस. प्रत्येक नाटकाच्या माझ्या प्रतीत तू जिथे जिथे अडलास तिथे मी लाल पेन्सिलीनं खूण केली. एकदा वर्तमानपत्रात तुझ्यावर लेख आला होता, ‘ज्याला आयुष्यात कधी शब्द द्यावा लागला नाही असा नट’. ते कात्रण मी वहीत चिकटवलं. दादा आणि मी किती हसलो होतो! दादा म्हणाला, हिला अर्धं मानधन द्या रे कुणीतरी. पण खरं सांगते, मला अभिमानच वाटायचा. ऐकू न येणं हीच माझी शाबासकी होती.

मग तू टीव्हीच्या वाहिनीवर गेलास. आधी नट म्हणून, मग मालिकांचा सगळा विभागच तुझ्या हाताखाली आला. दादाला तू आजोबांची भूमिका दिलीस, आणि या वयात त्याला रस्त्यात लोक ओळखायला लागले. भाजीवाली त्याला आजोबा म्हणायची आणि तो कोथिंबीर फुकट मिळाली की मला विजयानं दाखवायचा.

पुढे निवडणूक आली. बाजारामागची कामगारांची घरं पाडायला निघाले होते, त्याविरुद्धच्या पत्रकावर दादानं सही केली आणि विरोधकांच्या सभेत जाऊन ते वाचूनही दाखवलं. तुला आठवत असेल, मी त्याच्याशी दोन दिवस बोलत नव्हते. मला ते पटलं नव्हतं. माझं मत त्या वर्षी तुझ्याच बाजूला पडलं, आजही पडतं. हे मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर तुला वाटायचं, वहिनी दादाच्या पक्षात गेली.

पुढच्याच आठवड्यात तुझ्या मालिकेतले आजोबा औषध घ्यायला म्हणून जिना चढून वर गेले. ते आजतागायत खाली आलेले नाहीत. मरणसुद्धा नाही दिलंत त्यांना! घरातल्या एकाही सुनेनं विचारलं नाही की म्हातारा गेला कुठे. दादा रोज साडेसातला टीव्ही लावायचा. आज उतरतील बघ, म्हणायचा. पहिले काही दिवस थट्टेनं म्हणायचा. नंतर म्हणणं बंद झालं, टीव्ही लावणं चालूच राहिलं.

तू आलास त्यानंतर, बिस्किटांचा डबा घेऊन. माझा हात हातात धरलास आणि म्हणालास, वरून आलंय वहिनी, माझे हात बांधलेत. मी तुला चहा करून दिला. दादा तुझ्या पाठीवर हात फिरवत होता. जाऊ दे रे, तू नोकरी सांभाळ, म्हणाला. काम त्याचं गेलं होतं आणि समजूत तुझी घालत होतो आम्ही.

सख्ख्या भावाच्या वाहिनीला जो चालत नाही तो बाकीच्यांना कसा चालणार? नाटकवालेही आताशा टीव्हीवर दिसतो त्याचाच चेहरा पोस्टरवर छापतात. चार निर्माते घरी येऊन चहा पिऊन गेले, चौघांनीही ‘बघू’ म्हटलं. पाच वर्षं दादा घरात होता. बाथरूममध्ये जाऊन जुन्या नाटकांचे संवाद म्हणायचा, मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून. मला ऐकू यायचं. चाळीस वर्षं कुजबुज ऐकलेला कान आहे माझा. तो एकदाही अडला नाही रे, शेवटपर्यंत. तो गेला त्या दिवशी तू हमसून हमसून रडलास, आणि तुझा चेहरा मी माझ्या रुमालानं पुसला.

म्हणूनच, इतक्या वर्षांनी रंगभूमीवर परत येतोय, तू विंगेत हवीस, असं म्हणालास तेव्हा मी चप्पल घालूनच बसले होते म्हण ना. तालमीत तू आधी कानात संवाद सांगणारं ते यंत्र घालून बघितलंस, मालिकेतल्यासारखं. पण समोर माणूस बोलतोय आणि कानात दुसरं कुणी बोलतंय म्हटल्यावर तुझं डोकं बंद पडलं. परत पहिलं अक्षर, परत वहिनी. या नाटकात लाल खुणा एक्केचाळीस झाल्या. वय झालं, चालायचंच.

तुझ्या मुलीची भूमिका करायला ती पोरगी आली होती, लांब हातांची, हसताना नाकाला सुरकुत्या पडणारी. छान करत होती. मग कुठल्याशा मोर्चात घोषणा देताना तिचा फोटो फिरला, आणि तू म्हणालास, मला स्टेजवर हे वातावरण नको. सकाळी तिला फोन गेला, दुपारी ती मेकअप रूममधून आपले बूट न्यायला आली. तिच्या त्या घोषणांनी माझं डोकं उठतं. ती ज्यांच्यासाठी ओरडते त्यांना मी जन्मात मत देणार नाही. पण तिला सगळं नाटक पाठ होतं, स्वतःचंही आणि तुझंही. बुटाची नाडी बांधताना तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी संहितेत डोकं घातलं. मला वाटलं, याही वेळी तुझे हात कुणीतरी बांधले असतील.

आता गेल्या मंगळवारचं. संमेलनातल्या तुझ्या भाषणाचे कागद घेऊन तू घरी आलास. विषय होता, काम देताना कलावंताची राजकीय मतं बघावीत का. खुर्चीवर पाय पसरलेस आणि म्हणालास, वाच गं वहिनी. मी वाचलं. नाटक आणि मालिका लोकांच्या घरात शिरतात, मग घरात कुणाला घ्यायचं ते पारखून घ्यायला नको का, वगैरे. खरं सांगू? पहिल्या दोन वेळा मी काय वाचतेय ते मलाही कळलं नाही. डोळे पुढे, तोंड मागे, ही आम्हा प्रॉम्प्टरांची सवय. तिसऱ्या वेळी तू म्हणायला लागलास आणि तिसऱ्या पानावर अडलास. मी ‘दा’ दिलं.

‘दादाचं नाव मी माझ्या हातानं खोडलं,’ तू म्हणालास. ‘मला कुणीही सांगितलं नव्हतं. तत्त्वापुढे मी सख्ख्या भावालाही सोडलं नाही.’

मग डोळे मिटूनच मला विचारलंस, इथे टाळी येईल, किती थांबू? आणि मी सांगितलं, तीन आकडे मोज. हो, सांगितलं. हाडात भिनलंय ते. तू तीन आकडे मोजलेस आणि पुढे निघून गेलास. चहा पिऊन, माझ्या डोक्यावर टपली मारून घरी गेलास. कागद इथेच विसरलास, कारण आता तुला त्यांची गरज नव्हती. ज्या बाईला तू ‘हात बांधलेत’ म्हणाला होतास तिच्याकडूनच ते पाठ करून घेतोयस, हे तुझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. चाळीस वर्षांत तुझ्या लेखी मी आवाज होते. आवाजाला कान असतात असं तुला कधी वाटलंच नाही.

तू म्हणतोस पारखून घ्यावं. घ्यावं ना. माणूस वेळेवर येतो का, दुसऱ्याचं वाक्य खातो का, मागच्या रांगेपर्यंत पोचतो का, हे बघावं. दादा या तिन्हीत तुझ्यापेक्षा सरस होता, आणि हे तुला माहीत होतं. म्हणून मला त्या तत्त्वाची जरा शंकाच येते.

तू म्हणशील, वहिनी, आता तूही तेच करते आहेस. नाही रे. तुझ्या मतांसाठी मी तुला सोडत नाही, मतं तर आपली एकच आहेत.

आज सकाळी निर्मात्यांना भेटले. म्हटलं, शनिवारच्या शुभारंभाला मी नाही, माझ्या जागी विंगेत ती पोरगी बसेल. ते जरा घुटमळले. साहेबांना चालेल का, म्हणाले. मी म्हटलं, साहेबांच्या एक्केचाळीस जागा माझ्या प्रतीत आहेत आणि प्रत मी तिला दिली. तिच्या मोर्चाचंही सांगितलं, लपवलं नाही. पहिले तीन प्रयोग हाउसफुल्ल आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, वहिनी, आवाज पोचतो ना हिचा? तुझ्या भाषणाच्या विषयावर इतकं नेमकं मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

तिला मी तीन दिवस घरी बसवून शिकवलं. अक्षर कसं द्यायचं, किती द्यायचं, टाळीत गप्प कसं राहायचं. गुणी आहे. त्याला शब्द देशील ना, असं विचारलं तर हसून म्हणाली, मागितला तर देईन की, आजी. आता तुला एक सांगायचं आहे, जे तू कधी विचारलं नाहीस. एक्केचाळीस जागा खऱ्या, पण एका तालमीत तू त्यातल्या सात-आठच ठिकाणी अडतोस, आणि रोज वेगळ्या. नको तिथे अक्षर दिलं तर आलेलं वाक्यही तुझ्या हातून जातं. मग मला कसं कळायचं? शब्द जायच्या एक ओळ आधी तुझ्या डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागतो. म्हणून तुला कधी विंगेकडे बघावं लागलं नाही. अंगठ्याचं मी तिला सांगितलेलं नाही. तेव्हा शनिवारी तुला मान वळवावी लागेल, भरलेल्या नाट्यगृहासमोर, सात-आठ वेळा, आणि तिच्याकडे बघून थांबावं लागेल. किती थांबावं लागेल ते तिच्यावर. हे तुला शनिवारच्या आत कळावं आणि तोवरचे चार दिवस तुझे तू काढावेस, एवढ्यासाठी हे पत्र.

बाकी वाटण्या करून ठेवल्या आहेत, म्हणजे तुला विचारायला यावं लागू नये. तुझ्या तेवीस नाटकांच्या प्रती, लाल खुणांसकट, नाट्यशाळेच्या वाचनालयात गेल्या. प्रत्येकीवर नाटकाचं नाव आणि तुझं नाव ठळक लिहिलं आहे, मुलांना शोधायला सोपं जावं. दादाची मेकअपची पेटी तू शुभारंभासाठी तीनदा मागितलीस. ती मेकअपमनला दिली. शेवटच्या वर्षी दर गुरुवारी येऊन तो दादाची दाढी करून जायचा. माझं शिवणाचं मशीन जाऊबाईंना, त्यांचा यात काही दोष नाही. दादाच्या सहीचं ते पत्रक माझ्याजवळ राहील. त्यावर मी आजही सही करणार नाही. आणि तुझ्या भाषणाचे कागद या पाकिटात आहेत, सगळे, तिसऱ्या पानासकट. ते तुझे तुला.

तुझ्या दादाची, आणि म्हणून अजूनही तुझीच,
वहिनी