तिसरी चूल

४ फेब्रुवारी १९६३, अकोला

नकाशा परत आला! बाबा नगरपालिकेतून आले ते टोपीसुद्धा न काढता ओट्यावरच बसले. तीन बिऱ्हाडांचं घर आपल्या प्लॉटवर बसत नाही म्हणे. एक दादा-वहिनीचं, एक आईबाबांचं, एक माझं — एवढंच तर मागितलं होतं.

तिथल्या ओव्हरसियरचा हिशेब सरळ आहे — जितकी स्वयंपाकघरं तितकी बिऱ्हाडं. तिसरं आलं की दोन्ही बाजूंनी जास्त जागा सोडा, मागं सफाईची गल्ली सोडा, तिसरा संडास दाखवा, फी पण तिसरी भरा. फी बाबा कशीही भरतील. जागा कुठून आणतील?

६ फेब्रुवारी

वहिनी आज माझ्याशी बोलली नाही. मीही नाही.

९ फेब्रुवारी

पुंजाजी मिस्त्री आले होते. घर तेच बांधणार आहेत. चहा पिता पिता म्हणाले, "इंदूबाईच्या सयपाकघराले कोठी लिवा ना. कागदावर कोठी, अंदर चूल. कोन पाहाले येते?"

दादा लगेच खूश! "बराबर हाय. कागदच तर हाय तो."

कागदच तर! माझं डोकंच फिरलं. मोर्शीला सासरी माझ्याजवळ लग्नाचा कागद नव्हता म्हणूनच तर नवऱ्यानं दुसरी आणली अन् मला म्हणाला, तू कोन? पाच वर्षं राबले त्या घरात, संत्र्याच्या पेट्या भरल्या, अन् हात हलवत माहेरी आले. उद्या बाबा नसले की दादाची पोरं म्हणतील, आत्या तर कोठीत राहते. कोठीतल्या बाईला कोणीही बाहेर काढतं.

हे तोंडावर म्हटलं तर दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्या तुले काढीन काय वं?"

नाही काढणार. माहीत आहे मला. पण माझं सगळं आयुष्य त्याच्या चांगुलपणावर टांगून ठेवायचं काय? तसं म्हटलं तर तो उठून बाहेर गेला.

१७ फेब्रुवारी, रविवार

नको ते घर अन् नको तो नकाशा. शाळेतल्या केशरबाईंना घेऊन भाड्याची खोली पाहायला निघाले. मास्तरीण आहे, पगार येतो, कोणाच्या बापाचं काय जाते?

पहिल्या घरी — नवरा कुठं असतो? दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी म्हातारी गोड बोलली, खोली दाखवली, खिडकी उघडून दाखवली. मग आडनाव विचारलं. "अगबाई, कालच दिली की हो!" आम्ही बौद्ध झालो त्याला सहा वर्षं होऊन गेली, पण आडनाव ऐकलं की खोल्या अजून भरतातच.

 

१ मार्च

प्लॉट देताना अट होती — वर्षाच्या आत पाया पडला पाहिजे, नाहीतर प्लॉट परत. या महिन्याच्या शेवटी वर्ष भरते. घरात नुसती आरडाओरड!

दादा — "एका चुलीपायी सगळ्यायचं घर बुडवतं काय?"

वहिनी — "पयलेच नांदली असती तं हे पाहाचं काम नव्हतं."

मी ताट सरकवलं अन् उठले. बाबा भिंतीकडं पाहत बसलेले. बोला ना बाबा! एक शब्द तरी बोला! दादाचे पोट्टे घाबरून रडायला लागले. वहिनी पण रडली. चांगलं कोणालाच वाटत नाही आहे, अन् तरी कोणी थांबत नाही.

५ मार्च

शाळा बुडवून स्वतः ऑफिसात गेले. ओव्हरसियर माणूस वाईट नाही. पट्टी लावून मला सगळं मोजून दाखवलं. "बाई, नियम मी नाही केला. दोन स्वयंपाकघरं ठेवा, लगेच पास करतो. कोणतं काढायचं ते तुम्ही घरी ठरवा."

मी हात जोडले. चार माणसांसमोर, पायाच पडायच्या बेतात होते. तो बिचारा खुर्चीवरून उठून उभा राहिला. घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

११ मार्च

बाबांनी आज नकाशाची गुंडाळी काखेत मारली अन् निघून गेले. मला विचारलं नाही. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आई दारात उभी होती.

म्हणजे ठरलं.

ट्रंकेत लुगडी भरली, मग काढली. जाऊ कुठं? मरावंसं वाटते. खरंच वाटते. लिहिलं आहे ते खोडणार नाही.

१४ मार्च

नकाशा पास. दोन स्वयंपाकघरं — एक दादाचं, एक माझं. आईबाबांच्या स्वयंपाकघरावर बाबा स्वतः 'कोठी' लिहून आले. कागदावर आता त्यांनाच घर नाही.

आई मोर्शीला यायची तेव्हा घोटभर पाणी घ्यायची नाही. लेकीच्या घरचं कसं घ्यायचं, म्हणायची. आज माझ्याजवळ येऊन बसली, पदर बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "इंदे, तुह्या चुलीवर आमच्या दोघायच्या भाकरी टाकशीन ना वं?"